जावयाचे पाय

भंडारा जिल्ह्याच्या पार टोकाला, नदी ओलांडली की मध्यप्रदेश सुरू होतो तिथं, बपेरा नावाचं गाव आहे. तिथं पाहण्यासारखं काय आहे, असं परतल्यावर ऑफिसात मला दोघातिघांनी विचारलं. मी गेलो तेव्हा तरी पाहण्यासारखा मीच होतो. दोन-दोन गल्ल्या ओलांडून माणसं मला बघायला यायची, मान हलवायची आणि चहा पिऊन निघून जायची.

लोक प्रवासाला जातात ते किल्ले, देवळं, धबधबे बघायला. मी बायको आणायला गेलो होतो.

प्रणाली माझी बायको. आमचं लग्न पुण्यात कोर्टात झालं. विधी नाहीत, मानपान नाही, याचा मला एवढा अभिमान होता की येईल त्याला मी तो सांगत असे. तिच्या माहेरची माणसं आली, जेवणाच्या हॉलच्या एका कोपऱ्यात बसून पनीर खाऊन परत गेली. त्यांचं गाव बघावं असं मला कधी वाटलं नाही. तिथं रेंज असते का, एवढंच मी विचारलं होतं.

यंदाच्या दिवाळीत आमच्याकडे पाहुणे भरले होते. आईनं प्रणालीला एकेकाच्या पाया पडायला सांगितलं. ती वाकत गेली. शेवटी माझ्या एका चुलतभावापुढेही वाकली, जो तिच्याहून लहान आहे आणि त्या वेळी मोबाइलवर गेम खेळत होता. त्यानं गेममधून डोकंसुद्धा वर काढलं नाही. मी सोफ्यावर बसून चकली खात हे सगळं बघत होतो. नंतर बेडरूममध्ये, दार नीट लावून, मी तिला ठामपणे सांगितलं, "माझा या असल्या प्रकारांवर अजिबात विश्वास नाही."

"हे बाहेर का नाही बोललास?"

"आईचं मन कशाला दुखवायचं?"

भाऊबीजेला ती बपेऱ्याला गेली आणि आलीच नाही. फोनवर मी माझे विचार पुन्हा समजावून सांगायला लागलो, तेव्हा ती म्हणाली, "तुझे विचार मला पाठ आहेत. तू इकडे ये. माझ्या घरी राहा. मग ठरवू."

ठरवू म्हणजे काय ठरवू, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

आमची ही जमात शहरात हल्ली फार वाढली आहे. आम्ही दोन कप विसळतो आणि ते विसळल्याचं आठवडाभर सांगतो. बायकोच्या बाजूनं आम्ही ठाम उभे असतो, फक्त ती जिथं असते त्या खोलीत नसतो. असा एक नमुना जवळून बघायचा असेल तर लांब जायला नको, माझा पत्ता कोणालाही विचारा.

तुमसर रोड ते बपेरा

तयारी मी जय्यत केली. खेडं म्हणजे डोंगरदऱ्या असणार अशा समजुतीनं घोट्याच्या वर येणारे, भरपूर नाड्यांचे ट्रेकिंगचे बूट घेतले. आत प्रत्येक बोटाला वेगळी पिशवी असलेले मोजे. सासरी भेट म्हणून विमानतळावरून सोनेरी खोक्यातला बासमती घेतला. पुढं काय काय झालं त्यात या खोक्याचा नंबर बराच वर लागतो.

नागपूरहून रेल्वेनं तुमसर रोड, तिथून काळीपिवळी जीप. डोंगरदऱ्या कुठंच नव्हत्या. सपाट जमीन, तिचे धुऱ्यांनी, म्हणजे बांधांनी, पाडलेले लहान लहान चौकोन, ज्यांना तिथं बांध्या म्हणतात. धान कापून झालेलं. कापलेल्या बुंध्यांमधून लाखोळी डाळीची कोवळी हिरवळ वर येत होती, आणि गावं जवळ आली की धानाच्या पेंढ्या रचून केलेली उंचच उंच पुंजणी दिसायची. पुंजण्यांना मी कडबा समजलो आणि शेजारच्या बाईंना तसं बोलूनही दाखवलं. त्यांच्या मांडीवर पिशवीत कोंबडी होती. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कोणाकडचे जी तुमी?"

मी सासऱ्यांचं नाव सांगितलं. जावई आहे म्हणालो.

"हो का? पुन्याचे?" त्या म्हणाल्या. "दिवाई होऊन किती दिस झाले! आले म्हना मंग. लवकर आले."

पुढं बपेऱ्यापर्यंत त्या कोंबडीशी बोलल्या, माझ्याशी नाही.

अंगणात

घरापाशी पोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं. मला वाटलं, काय हे आदरातिथ्य! खरी गोष्ट नंतर कळली. पुण्याच्या जावयानं मुलगी टाकली, अशी गावात कुजबुज होती. म्हणून माझ्या सासऱ्यांनी गल्लीच बोलावली होती. जावई आलाय हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघावं आणि तोंडं मिटावीत, हा बेत.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो. तब्येतीनं भरदार, मिशी मोठी, आवाज त्याहून मोठा. मंडईच्या, म्हणजे तिकडं दिवाळीनंतर भरणाऱ्या जत्रेच्या, नाटकात त्यांनी वर्षानुवर्षं राजाची कामं केली आहेत, त्यामुळे अंगणात उभे राहिले तरी दरबारात उभे असल्यासारखे राहतात. त्या दिवशी धुतलेलं धोतर आणि डोक्यावर कोरी टोपी होती.

दारात मामीजींनी, म्हणजे सासूबाईंनी, पाण्याचा तांब्या पुढं केला. तो पाय धुण्यासाठी होता. मी तो प्यायलो. पूर्ण. वर "आह, गोड आहे पाणी" असंही म्हणालो. मामीजी दुसरा तांब्या आणायला गेल्या.

मग बूट. पायरीवर बसून मी नाड्या सोडायला लागलो आणि उजव्या पायाची गाठ बसली. सगळं अंगण उभं राहून माझ्याकडे बघत होतं. कोणी तरी खोकलं. शेवटी बूट निघाले आणि पाचही बोटं वेगळी असलेले मोजे बाहेर आले, तेव्हा मागच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मोजे काढले, पाय धुतले. मामाजी पुढं आले, टोपी नीट केली, आणि माझ्या पायांकडे वाकले.

माझे सासरे. सत्तरीला आलेला माणूस. माझ्या पाया पडत होता!

मी उडी मारून मागं झालो. "नाही नाही, मामाजी! हे चालणार नाही. मी हे मानत नाही!" आणि नुसतं तेवढ्यावर थांबलो नाही. उलट मीच त्यांच्या पायांकडे झेपावलो. ते वर येत होते, मी खाली जात होतो. डोक्यावर डोकं आपटलं. त्यांची कोरी टोपी पाय धुतलेल्या चिखलात पडली.

एवढ्यावर तरी गप्प बसावं की नाही? मी अंगणाला उद्देशून चार वाक्यं बोललो. माणसं सारखी असतात, कोणी कोणापुढे वाकायचं कारण नाही, जावई म्हणजे देव नव्हे, वगैरे. टाळ्या पडतील अशी एक अंधुक आशा होती. माणसं एकेक करून निघून गेली. चहा न घेता.

प्रणाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मला भेटून किती आठवडे झाले होते तिला, पण पहिला शब्द आला तो एवढाच, "झालं?"

जेवायला आयते होते, म्हणजे तांदळाचे घावन, पण आमच्या घावनांपेक्षा जाड आणि मऊ. सोबत नदीच्या माशांचा झणझणीत रस्सा आणि भात. मी चार आयते खाल्ले. तोंड पोळलं, नाक वाहिलं, तरी थांबवेना. मग मोठ्या थाटात सोनेरी खोकं पुढं केलं. मामीजींनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"तांदूळ जी?"

त्यांच्या मागं भिंतीला लागून माझ्या उंचीची ढोली होती, धान साठवायची, काठोकाठ भरलेली.

"बासमती आहे," मी म्हणालो.

"असू द्या," मामीजी म्हणाल्या. पोरानं शाळेतून काही तरी कागदी करून आणलं की आया म्हणतात तसं.

दुसऱ्या दिवशी

सकाळपासून बाया येऊ लागल्या. मामीजींजवळ बसायच्या, हात हातात घ्यायच्या, माझ्याकडे बघून उसासा टाकायच्या. कोणी तरी गेलंय की काय, असं मला वाटलं. मी शेजारच्या शांताबाईंना विचारलं, "काय झालं हो?"

"आमाले काय इचारता?" त्या फणकारल्या. "सर्‍या गल्लीदेखत पाय मांगं घेतले तुमी. पाय मांगं घेतले म्हंजे नातं मांगं घेतलं. पोट्टीनं कोनतं पाप केलं होतं जी?"

मी धावत प्रणालीकडे गेलो. ती मागच्या अंगणात भाजी निवडत होती.

"अगं, हे लोक समजतायत की मी तुला सोडलं!"

"हो," ती म्हणाली.

"मग सांग ना त्यांना!"

"काय सांगू?" तिनं भाजी बाजूला ठेवली. "आमच्याकडे लेकीच्या पाया पडतात. बाप, काका, भाऊ, सगळे. मी आजवर बाबांच्या पाया पडलेले नाही, ते पडूच देत नाहीत. लग्न झालं की लेकीच्या जोडीनं जावयाच्याही पडतात. तू कोणी थोर आहेस म्हणून नाही. तू तिच्यासोबत येतोस म्हणून."

माझ्या डोळ्यांपुढे आमचा हॉल येत होता, पाहुण्यांची रांग, गेम खेळणारा चुलतभाऊ.

"म्हणजे तू आमच्याकडे..."

"जन्मात पहिल्यांदा वाकले ती तुझ्या घरी."

"मला सांगितलं का नाहीस कधी?"

"विचारलंस कधी? तू तुझे विचार सांगत होतास."

मला वाईट वाटलं. खरोखर वाटलं. पण आमच्या जमातीचा गुण असा की वाईट वाटलं की आम्हाला आपण फारच संवेदनशील आहोत असं वाटून लगेच थोडं बरंही वाटतं. मी तिचा हात धरायला गेलो. तिनं हातात निवडायची जुडी दिली.

सिहोऱ्याचे पाहुणे

बातमी शेजारच्या सिहोऱ्यापर्यंत पोचली होती. दुपारी तिकडचे एक मास्तर आले. विधुर, चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. दारात आले आणि पायातल्या चपला एका झटक्यात काढून आत. मी त्या चपलांकडे द्वेषानं बघत राहिलो.

"कोण आहेत हे?" मी मामीजींना विचारलं.

"पाव्हने हायेत. सहज आले."

सहज आलेले मास्तर ओसरीवर माझ्याच शेजारी बसले. त्यांना जेवायचा आग्रह झाला. ताट आलं. पांढराशुभ्र, लांब लांब शितं. माझा बासमती.

"भात चांगला आहे," मास्तर म्हणाले.

"आणलेला आहे," मी म्हणालो.

माणूस मोठा सज्जन. मला त्यांनी नोकरीचं विचारलं, पुण्यात पाण्याचं कसं आहे ते विचारलं. मग आवाज खाली आणून, अगदी सभ्यपणे म्हणाले, "तुमाले काही हरकत तं नाही न जी?"

"कशाला?"

"नाही, म्हटलं इचारून घ्यावं. पुढं चालून मनात काही राहू नये."

बायको मागायला नवऱ्याचीच परवानगी विचारली गेली अशी माझ्या आयुष्यातली ही पहिली वेळ, आणि ती विचारणारा माझाच भात खात होता. मी ताडकन उठलो. आत प्रणाली दाराआडून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत हसू होतं, पण नुसतं हसूच नव्हतं. तिच्या लेखी हा सगळाच विनोद नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि पहिल्यांदा मी खराखुरा घाबरलो.

खळ्यावर

आता उपाय एकच होता. मामाजींनी पुन्हा माझ्या पाया पडायला हवं होतं, आणि चारचौघांत. समतेवर भाषण दिलेला मी, सासऱ्यानं आपल्या पाया पडावं म्हणून त्यांच्या मागं मागं हिंडू लागलो. बूट काढून ठेवले होते. न जाणो, कधी पडायचं मनात येईल, तेव्हा पाय तयार असावेत. कापलेल्या धानाचे बुंधे तळव्यांत असे रुततात की चालताना माझं तोंड आपोआप उघडत होतं.

मामाजी खळ्यावर पुंजण्यापाशी उभे होते.

"मामाजी, एक विनंती होती."

"बोला."

"पाया पडता का जरा?"

"कोनाच्या?"

"माझ्या."

त्यांनी पेंढी खाली ठेवली. "काहून?"

"मी आता मानतो."

"काल नोहते मानत, आज मानून राहिले. उद्या मंग कसं?" ते नाटकातल्या आवाजात म्हणाले. पेंढ्या वाहणारे गडी थांबून ऐकू लागले. "गल्ली बलावली होती म्या. साखर घालून चहा ठेवला होता सगळ्याइले. अन् टोपी पडली माही! नवी टोपी होती, जवाईबापू. मंडईच्या नाटकात पंचवीस-पंचवीस मारामाऱ्या केल्या, डोक्यावरची टोपी कोनी पाडली नाही."

"चुकलं माझं."

"आता मले वाकताच येत नाही. गुडघे दुखून राहिले."

गुडघे दुखत नव्हते. माझ्यादेखत त्यांनी वाकून पेंढी उचलली आणि गडी हसले. राग त्यांच्या टोपीचा होता, आणि त्याखाली लेकीच्या अपमानाचा. मी तसाच तळवे चोळत परत आलो. संध्याकाळी मामीजींनी माझ्या पायातला काटा सुईनं काढला. काढताना पाय मात्र मांडीवर घेतला होता.

एसटीपाशी

निघायच्या दिवशी सकाळी प्रणाली बॅग घेऊन बाहेर आली. "बॅग कुणाची?" असं विचारायची हिंमत नव्हती, कारण त्यात तिचे कपडे होते की मामीजींनी दिलेले पोहे, हे मला माहीत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "चल, गाडी येईल."

एसटी थांबते त्या झाडाखाली गल्ली पुन्हा जमली होती. शांताबाई होत्या. सिहोऱ्याचे मास्तरसुद्धा होते, इस्त्रीच्या शर्टात. मी अनवाणी, बूट नाड्या बांधून गळ्यात अडकवलेले.

आधी मामीजी प्रणालीच्या पाया पडल्या, मग तिचा भाऊ, मग मामाजी. ती हलली नाही. दोन्ही हात बापाच्या डोक्यावर ठेवून उभी होती आणि रडत होती. माणसं असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात कल्पना आली. आपणही पडावं! सगळ्यांदेखत बायकोच्या पाया. दोघाचौघांच्या हातात मोबाइल होते, तेही मला दिसले. मी गुडघे वाकवायला सुरुवात केली.

"वाकलास तर एकटा जाशील," प्रणाली ओठ न हलवता म्हणाली.

"अगं, पण..."

"पुन्हा तुझंच नाटक नको. सरळ उभा राहा. काही करू नको. काही बोलू नको."

मी उभा राहिलो. गाडी आली, कंडक्टर दारातून ओरडू लागला. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टोपी काढून मुलाच्या हातात दिली, जपून, आणि खाली वाकले. त्यांचे गार हात माझ्या पायांवर टेकले, चिखल आणि काट्यांच्या ओरखड्यांवर. मला इतकी लाज वाटली की पाय मागं घ्यावेसे वाटत होते, आणि घेतले नाहीत. ते काही मोठं काम नव्हतं. पण त्या गावात मी धड केलेलं ते एकच.

"बरं झालं जी," सिहोऱ्याचे मास्तर म्हणाले. चेहऱ्यावरून तसं वाटलं नाही.

प्रणाली गाडीत चढली. सिहोरा मागं पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "हे बाबांचं झालं. त्यांची गल्ली होती, त्यांनी नातं ठेवलं. आता तुझी गल्ली."

पुणे

दार उघडंच होतं. आई सोफ्यावर पाय वर घेऊन मालिका बघत होती. आम्हाला बघून तिचा चेहरा फुलला. प्रेमानंच. मग तिनं पाय खाली सोडले, साडी घोट्यांपर्यंत सारखी केली आणि वाट बघू लागली.

प्रणालीनं बॅग खाली ठेवली आणि तशीच ताठ उभी राहिली. आईकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

मी उंबऱ्यात बसलो आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागलो. उजव्या पायाची गाठ बसली होती. बरं वाटलं. अशा गाठीला खूप वेळ लागतो. मी नखानं खरवडली, दातानं ओढता येईल का पाहिलं. मालिकेतली सासू मोठ्यानं बोलत होती. आई म्हणाली, "काय रे, ही अशी उभी का?" मी गाठीत डोकं खुपसलं.

प्रणाली स्वयंपाकघरात गेली, कात्री घेऊन आली, आणि ती माझ्यापुढं फरशीवर ठेवली.

"काप," ती म्हणाली. "मी आहे इथंच."

मी नाडी कापली. बूट निघाला. हातात आता काहीच काम उरलं नव्हतं.

"आई," मी म्हणालो, "पाय वर घे."